एका सुताचा फरक

१३ एप्रिल १९९८, सोमवार. सकाळी ६.४०

नवी वही. पहिल्या पानावर नोंद असावी, म्हणून या दोन हातांनी केलेल्या कामांची यादी:

दुकानांच्या पाट्या ३१२, मोजून. ट्रकचे मागचे फळके ८७. सुपं गाव धरणाखाली गेल्यावर रामनगरात नवी घरं झाली, त्यातल्या १४० घरांवर नंबर. (एक चुकला. घरवाल्यानेच चुकीचा सांगितला होता.) नाटकाचे पडदे ९: जंगल ४, राजवाडे ३, रस्ते २. गुंदच्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात भिंतभर बाराखडी आणि मुळाक्षरं, अ पासून ज्ञ पर्यंत, साल १९८१. हात टेकायची सागवानी काठी, स्वतः तासलेली. प्रत्येक कामाखाली उजव्या कोपऱ्यात अर्ध्या इंचात सही: परशू आर्ट्स.

गुरू कोणी नाही. सगळं बघून बघून.

विशेष नोंद: माझा ळ. दोन्ही वेटोळी सारखी. अठ्ठावीस वर्षांत एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक नाही. माझं अक्षर मी डोळे मिटूनही ओळखीन.

हे सगळं लिहायचं कारण भिकाजीअण्णा. काळीमाता दूध सोसायटीचे चेअरमन. सोसायटीची नवी इमारत झाली, पाटी बारा फूट बाय तीन. काल चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाले की पाटी कॉम्प्युटरच्या अक्षरांचीच हवी, पेंटरचं अक्षर आता जुनं दिसतं. डिझाइन मात्र कोणीही आणावं, १० मेला कमिटी बघेल.

जानेवारीपासून मला मिळालेली कामं: नंबर प्लेट दोन, ‘कुत्र्यापासून सावध’ एक. कुत्र्याचंही स्पेलिंग तपासून घेणारा मालक होता. बाकी सगळे बेळगावहून स्टिकर आणतात.

ही पाटी गेली तर ब्रश धुवून ठेवावे लागतील. असं बायको म्हणाली, अनुसया. मी नाही.

निश्चय: कॉलेजात सुटीतला तीन आठवड्यांचा कोर्स आहे, कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा. नाव घालायचं. आठ दिवसांत शिकून उरलेले दिवस मॅडमना मदत.

२० एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ७

पहिला दिवस. काठी घेऊन निघालो. अनुसया म्हणाली, “गुरं राखायला चाललाय काय?”

मुलं-माणसं अकरा. कॉम्प्युटर पाच, चालू तीन. शिकवायला रुक्मा मॅडम, दांडेलीच्या, वय पंचवीस असेल. माझ्या मशीनवर जोडीला बायजा. ही सोसायटीत क्लार्क, मूळची गुंदची, वहीत दुधाचे लिटर मांडते. मला परशूमामा म्हणते. मुलगी सालस, पण कलेतलं काही कळायचं वय नाही.

मॅडमनी सांगितलं की इथे रंगाची रेघ नसते, हिशेब असतो. दोन टिंबांमधली रेघ कशी वळते ते मशीन लक्षात ठेवतं, म्हणून अक्षर कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाही. मी म्हटलं, माझीही फाटत नाही, बारा फुटांपर्यंत तर नाहीच. मॅडम हसल्या. आदराने असावं.

माऊस धरायला मी काठीचं एक टोक कॉम्प्युटरच्या टीव्हीवर टेकवलं आणि तिच्यावर मनगट ठेवलं, रीतीप्रमाणे. मॅडम म्हणाल्या, काठी लागत नाही. वर्तुळ काढायला दिलं. भिंतीवर एका दमात काढतो. इथे बटाटा आला. टेबल अर्धा इंच बुटकं आहे.

निश्चय: उद्या टेबलाखाली फळी.

२१ एप्रिल

फळी लावली. बटाटा आलाच. आता खुर्ची उंच आहे.

मॅडमनी ‘अनडू’ शिकवलं. बटण दाबलं की केलेलं मागे जातं. वर्गात सगळ्यांना फार आनंद. मी स्पष्ट सांगितलं की मी आयुष्यात अनडू केलेलं नाही, आणि करणार नाही. ज्याला हाताचा भरवसा नाही त्याची ही सोय.

दुपारी अनडू ४१ वेळा. फक्त बटण तपासायला.

२३ एप्रिल, गुरुवार

आज ‘काळीमाता’ पूर्ण. अडीच तास. मॅडमही उभं राहून बघत होत्या. ‘ता’ चा काना देतो तोच करंट गेला. धरणाला आख्खं गाव दिलं आम्ही, पण करंट बेंगळूरला आधी जातो.

करंट आला. माझं काम नाही. बायजाचं आहे. तिने म्हणे सेव्ह केलं होतं. मला कोणी सांगितलं नाही. बायजा म्हणते मॅडमनी तीनदा सांगितलं, आणि मामा तेव्हा खुर्चीचे स्क्रू बघत होते.

एकदा काढलं की राहतं, ही माझी अठ्ठावीस वर्षांची समजूत. समजूत बरोबर आहे. मशीन चुकीचं आहे.

२७ एप्रिल, सोमवार

नवा धडा, ट्रेसिंग. प्रत्येकाने आपल्याला आवडणाऱ्या अक्षरांचा फोटो आणायचा, तो मशीनमध्ये घालायचा, आणि वरून कड धरत धरत टिंबं ठेवत जायचं. म्हणजे गिरवणं. मी उभा राहून सांगितलं की दुसऱ्याचं अक्षर गिरवणं मला जमणार नाही, माझा हात बिघडतो. मॅडम म्हणाल्या, तुमचं स्वतःचंच आणा की. मी म्हटलं, स्वतःचं गिरवायला मी पहिलीत आहे काय.

बायजाने कुठलासा फोटो आणलाय. बाजूलाच बसते, तरी मी मान फिरवून बसलो. तीन वेळा म्हणाली, “मामा, एकदा बघा तरी.” बघितलं नाही. डोळे जपावे लागतात.

तिचं आज क ते ङ झालं. माझं ‘का’.

३० एप्रिल, गुरुवार

मोठा शोध. लिहून ठेवतो, उद्या वाद नको.

आमच्या धंद्यात पाटीवर आधी निळीची दोरी मारतात. दोरीला निळीची पूड चोळायची, दोन्ही टोकं ताणून धरायची, मधून ओढून सोडायची. सरळ रेघ. दोरी खोटं बोलत नाही. आज बायजाला एक टोक धरायला लावलं आणि टीव्हीच्या काचेवर दोरी मारली. शंका होती तेच. अक्षरांची वरची रेघ दोरीशी जुळत नाही. मध्ये दीड सूत वर फुगते.

मॅडम शिंकत आल्या. (नीळ उडाली. कीबोर्डात गेली, ती माझ्या ब्रशने झाडून दिली.) म्हणाल्या, काचच पुढे फुगलेली आहे काका, आतली रेघ सरळ आहे, आकडे बघा. आकडे सरळच होते. पण मी आकडे रंगवत नाही. डोळ्याला दिसतं ते रंगवतो.

बायजाचे दोन्ही हात निळे. ती हसत सुटली. अशाने कला यायची नाही.

४ मे, सोमवार

मॅडम ऑफिसात गेल्यावर दुरुस्ती केली. रेघेवर सात टिंबं घातली, प्रत्येक टिंब थोडं थोडं खाली ओढलं, दोरीशी जुळेपर्यंत. सोसायटीच्या पूर्ण नावाचे सहा शब्द, तीन तास. स्टीलची पट्टी काचेला लावून पाहिली. केसाचा फरक नाही.

अनडू एकही नाही. (एकोणीस. पण ते नीळ अडकल्यामुळे.)

सेव्ह केलं. चार वेळा, चार नावांनी.

८ मे, शुक्रवार

कोर्स संपला. प्रिंट काढले.

माझ्या प्रिंटमध्ये अक्षरं मधून खाली लोंबलेली दिसतात. मॅडमनी कागद हातात धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसऱ्या प्रिंटलाही तसंच. प्रिंटर तापला की कागद आखडतो, हे मला पत्र्याच्या अनुभवावरून माहीत आहे. बाकीच्या दहा जणांचे कागद का आखडले नाहीत, ते मॅडमनी बघावं.

सर्टिफिकेट मिळालं. त्यातला शिक्क्याचा गोल गोल नाही.

१० मे, रविवार. दुपारी ३.१५

कमिटी. लिहिण्यासारखं फार नाही, तरी तपशील:

टेबलावर दोन कागद, नावं झाकलेली. पहिला माझा. भिकाजीअण्णांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. “हे काय, धुणं वाळत घातलंय?” सगळे हसले. मी कागद आखडण्याबद्दल सांगायला लागलो, तोवर दुसरा कागद समोर ठेवला आणि मलाच विचारलं की तुम्ही जाणते, तुमचं मत सांगा.

मी प्रामाणिक मत दिलं. सात चुका दाखवल्या. ‘द’ चं पोट सुटलेलं. ‘र’ ची शेपटी जमिनीला टेकायला आलेली. ‘य’ वाकून चालतो. ‘ध’ ची गाठ सैल. उकार दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे. काना वर जाड, खाली बारीक. आणि ‘ळ’: डावं वेटोळं उजव्यापेक्षा मोठं, पूर्ण एका सुतानं. म्हणालो, हे ज्याने काढलं त्याला परत पाटी-पेन्सिल द्या.

भिकाजीअण्णा शांतपणे म्हणाले, “असंल. पण आमाला हेच आवडलं. वाचताना बरं वाटतंय. परशूशेठ, पावसात स्टिकर सुटतोय, तवा पाटी तुमीच रंगवा. अक्षर हे, ब्रश तुमचा.”

रक्कमही सांगितली. ती मी ऐकली, पण लक्ष दिलं नाही. उभं राहून म्हणालो की दुसऱ्याच्या अक्षरावर मी ब्रश चालवत नाही, त्यातून असल्या अक्षरावर तर नाहीच. हे वाक्य फार चांगलं झालं.

मग बायजा, जी कोपऱ्यात सभेचे मिनिट्स लिहीत होती, ती उठली. कागद तिचा होता. पर्समधून फोटो काढला.

“मामा, ही तुमचीच अक्षरं हायत. आमच्या गुंदच्या शाळेवरची. मी ह्याच्यावरनंच गिरवायला शिकले.”

फोटो नीट पाहिला. ज्ञ च्या खाली, उजव्या कोपऱ्यात, सही.

मी म्हणालो, कोणीतरी माझी सही उचललेली दिसते.

भिकाजीअण्णा म्हणाले, शुक्रवारपर्यंत विचार करा. बायजाने मिनिट्समध्ये काय लिहिलं ते बघायला हवं होतं.

११ मे

विचार करायचा प्रश्न नाही. माझा ळ तसा नाही. फोटो तिरका घेतला की एक बाजू मोठी दिसते. कॅमेऱ्याची काचही फुगलेलीच असते.

१५ मे, शुक्रवार

सोसायटीकडून बायजा येऊन गेली. मी घरात नव्हतो. म्हणजे होतो, न्हाणीत होतो. एक तास. अनुसया तिला म्हणाली ते न्हाणीत ऐकू आलं: “त्यांस्नी पटलंय गं. तोंडातनं निघंना, एवढंच.”

अनुसयाला धंद्यातलं कळत नाही.

२३ मे, शनिवार

पाटी लागली. बेळगावचा स्टिकर, अक्षर बायजाच्या कागदावरचं. रस्त्याच्या पलीकडून पाहिली. मग अलीकडून. दोन बायका कॅन घेऊन चालल्या होत्या, एक दुसरीला ते नाव मोठ्याने वाचून दाखवत होती. एकदाही अडखळली नाही.

स्टिकर पहिल्या पावसात सुटेल.

२४ मे, रविवार. संध्याकाळी ६

सकाळच्या बसने गुंदला. प्रकरण कायमचं मिटवायला. बरोबर स्टीलची पट्टी आणि दोरी.

शाळेला सुटी. व्हरांडा उघडा. शिपाई नागू झाडलोट करत होता, मला ओळखलं नाही. मी पट्टी काढली तर विचारलं, शाळा पाडणार काय. म्हटलं, मोजतोय. तो झाडू टेकून बघत राहिला. मग म्हणाला, “मोजताय कशाला? पोरं शिकली की त्यावर.”

मापं:

द: पोट सुटलेलं. र: शेपटी लांब. य: वाकलेला. ध ची गाठ: सैल. उकार: दोन तऱ्हेचे. काना: वर जाड. सहाही बरोबर.

ळ, डावं वेटोळं: ४ इंच २ सूत. उजवं: ४ इंच १ सूत. तीन वेळा मोजलं.

खालच्या तीन ओळींतला रंग झिजलाय. बाकी भिंत जशीच्या तशी, फक्त अक्षरांच्या आत झिजलाय, बोटाच्या रुंदीने, वळणावळणाने. ळ मध्ये सगळ्यात जास्त. त्यात बोट घातलं. डावीकडून सुरू करून उजवीकडे आलं, थोडं आखडतं घेत. माझंच वळण.

सही माझी. अर्धा इंच.

पायरीवर बसलो. नागूने पाणी दिलं. सव्वाचारची बस.

पहिल्या पानावर दुरुस्ती: ‘एका सुताचा फरक नाही’ खोडलं. तारीख घातली.

भिकाजीअण्णांची ऑफरही नोंदवून ठेवतो. काळीमाता दूध सोसायटीची पाटी, बारा फूट बाय तीन, माझ्या ब्रशने, माझ्याच अक्षरात. मी नाकारली. तीन हजार दोनशे रुपये.