काचेवरची मी

५ मार्च

चि. ढब्बूस, अनेक आशीर्वाद.
फोटो पोचला. वॉर्डातल्या नर्सना दाखवला तर विचारतात, ही बहीण की बहिणीची मुलगी? मला मात्र आधी बसलेली गालफडं दिसली. मेहुण्यांच्या वजन उतरवण्याच्या केंद्राला गिऱ्हाईक वाढलं, बरं झालं. पण तू संध्याकाळी जेवलीस की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडात काही घालत नाहीस, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालूच. डॉक्टरांना विचारलंस का? असे पेशंट आमच्याकडे स्ट्रेचरवरून येतात, बाई. उलटटपाली कळव.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.
नाही विचारलं. हे म्हणतात, डॉक्टर नको म्हणाले तर लोकांना काय तोंड दाखवायचं? केंद्राच्या काचेवर माझे माणसाएवढे दोन फोटो आहेत, आधीची मी आणि आताची मी. सगळा बाजार ओळखतो. भाजी घेतली तरी बायका पिशवीत डोकावतात. परवा जिन्यात अंधारी येऊन पडले. ह्यांनी उठवलं, पाणी पाजलं, आणि खाली केंद्रात बसलेल्यांना सांगितलं, पाय घसरला. वाईट नाहीत गं ते, धास्तावलेत.

काल सकाळी तुझ्याकडे यायला निघाले होते. बसथांब्यावर हातपाय कापायला लागले म्हणून बिस्किटांचा पुडा घेतला. फोडणार तोच केंद्रातल्या दोघी समोर. पुडा पर्समध्ये कोंबला. कसं जमवलंत, असं कौतुकानं विचारत त्यांनी मला हाताला धरून घरी आणून सोडलं. मला नको म्हणवेना. बस गेली.

रागावू नकोस, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ढब्बू

२३ मार्च

रा. रा. मेहुण्यांस, सप्रेम नमस्कार.
ती बेशुद्ध पडल्यावर इकडचा तिकडचा विचार न करता तुम्ही तिला थेट माझ्या इस्पितळात आणलंत, हे उपकार विसरणार नाही. साखर फारच उतरली होती. आता जिवाचा धोका टळला आहे. जेवते, पण पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेते, आणि बाहेर पावलं वाजली की घास खाली ठेवते.

घरी कधी नेऊ, असं तुम्ही निरोपात विचारलंत. तेच मी तिला विचारलं. म्हणाली, ह्यांना विचार.

तुमच्याविषयी मनात अढी नाही. भेटायला जरूर या.
आपली,
ताई