मावशीचे सोमवार

गुरुवार, १२ मार्च
लॉन्ड्रीत, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय मावशी,

फोन सोडून पत्र आलंय म्हणून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. तुझा गुडघा कसा आहे? ताईच्या पायांची सूज उतरली का? तू आजी व्हायची तारीख डॉक्टरांनी चोवीसच सांगितलीय ना अजून? की एखादा दिवस इकडेतिकडे? हे मला नक्की कळव, प्लीज.

इकडे मोठी बातमी आहे. आम्ही जिंकलो! बघ ना, इथल्या सार्वजनिक सुट्ट्या बहुतेक सोमवारीच येतात. त्या दिवशी लॉन्ड्री बंद, पण आम्हा गुरुवार-शुक्रवारवाल्यांना त्याचा उपयोग काय? मी हॉस्पिटलची अख्खी पॉलिसी वाचली, बावीस पानं! त्यात चक्क लिहिलंय की अर्धवेळवाल्यांना सुट्ट्या अर्ध्या मिळाल्याच पाहिजेत, शिफ्ट कुठल्याही वारी असो. वर्षाच्या आठ सुट्ट्या, म्हणजे आपल्याला प्रत्येकी चार. यंदा सहा आल्या सोमवारी, दोन शुक्रवारी. मला मिळाल्या फक्त दोन. मग मी सगळ्यांचा चार्ट केला, अर्ज लिहिला, सहा जणींच्या सह्या घेतल्या आणि सुपरवायझर बाईंच्या टेबलावर ठेवला. आणि तो पास झाला!

इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, "पोरी, तुला डोक्यावर घेऊन नाचले असते गं, पण कंबर नाही म्हणते."

तर असं. आता पुढचं.

चार्टमध्ये सगळ्याच होत्या. तूसुद्धा. तू सोमवार-मंगळवारवाली, त्यामुळे सहाही सोमवार तुला घरी मिळाले. हक्क चारचा. म्हणजे तुझ्या नावापुढे आलं उणे दोन. मला वाटलं, जे मिळालं ते मिळालं, ते कोण परत मागतंय? बाईंनी मागितलं. "नियम तूच दाखवलास ना? मग तो दोन्हीकडून लागतो," म्हणाल्या. सुट्ट्यांचं वर्ष मार्चअखेर संपतं, म्हणून तुझ्या रजेतले दोन दिवस रद्द करून तुला कामावर लावलंय. तेवीस आणि चोवीसला.

हो. चोवीसलाच.

त्यांनी तुझ्या नावाचं पत्र गेल्या शुक्रवारी माझ्याच हातात दिलं. सहा दिवस ते माझ्या बॅगेत होतं. चार वेळा फोन केला गं. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि मागून ताई विचारते, "काय म्हणतेय ती?" तिचं बीपी आधीच वर. मग मी आपली हवामानावर बोलत बसले. शेवटच्या वेळी तू म्हणालीससुद्धा, "तुला कधीपासून ढगांची एवढी काळजी?"

मी बाईंना म्हटलं, माझ्या दोन सुट्ट्या मावशीला द्या, विषय संपला. तर म्हणाल्या, "सुट्टी म्हणजे काय छत्री आहे, आज तू घे, उद्या ती घेईल?" मी तिथेच उभी राहिले. त्यांनी दोन फोन घेतले, मी उभीच. शेवटी ड्रॉवरमधून अदलाबदलीचा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. तेवीस-चोवीसच्या तुझ्या शिफ्ट मी करायच्या, एप्रिलमध्ये माझ्या दोन तू. वीस तारखेच्या आत दोघींच्या सह्या. फोटो चालत नाही, शाईचीच सही लागते.

बाईंचं पत्र आणि फॉर्म, दोन्ही यात घातलंय. फॉर्मवर माझी सही आहे. परतीचं पाकीटही आहे, तिकीट लावलेलं. तेवीसला कॉलेजात माझी प्रॅक्टिकल आहे, पण दुसऱ्या बॅचबरोबर देऊ देतात. बहुतेक. अजून विचारलं नाहीये.

आता खरं सांगते. वर लिहिलंय ना, मला वाटलं कोण परत मागतंय? तसं मी बाईंनाही सांगितलं, काकूंनाही. ते खोटं आहे. दोन्हीकडून नियम लागतो हे त्याच पॉलिसीत आहे, एकोणिसाव्या पानावर. अर्ज द्यायच्या आधी मी ते वाचलं होतं, आणि तुझं उणे दोनही मला दिसत होतं. तुला एक फोन करायला हवा होता, बस. पण तू म्हणाली असतीस, "थांब जरा," आणि मला थांबायचंच नव्हतं. सहा जणी माझ्याकडे बघत होत्या ना. इतकं छान वाटत होतं, मावशी.

मला इथे तूच लावलंस. ओल्या चादरीचं टोक कसं धरायचं तेही तूच शिकवलंस.

सहीबरोबर दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल. नुसती सही आली तर मी काय समजू?

ताईला यातलं काही कळू देऊ नकोस. तू तिच्याजवळून हलू नकोस. सही वेळेत पोचो न पोचो, तेवीसला सकाळी सातला मी तुझ्या मशीनपाशी उभी असेन.

तुला न विचारणारी,
तरी तुझीच
भाची