खिडकीत उजेड दिसेपर्यंत

नांदेड, शनिवार

हसून हसून पोट दुखतंय, तरी लिहितेच.

विद्यापीठानं रात्री वाचनालयातून मुलींना खोलीवर पोचवायला ऑटो सुरू केला, तेव्हा अट आम्हीच घातली होती. पोरीच्या खिडकीत उजेड दिसल्याशिवाय ऑटो हलायचा नाही. आज मी उतरले आणि नेमकी लाईट गेली. मी वर अंधारात काडीपेटी चाचपडतेय, खाली ऑटोवाले मौलाचाचा खिडकीकडे बघतायत. उजेड काही दिसेना. घाबरून त्यांनी हॉर्न दाबला तो सोडेचनात.

भूकंपापासून आमच्या गल्लीची झोप कच्ची. कुणीतरी ओरडलं, "हलतंय, बाहेर पळा!" झालं, सगळी गल्ली लेकरं घेऊन रस्त्यावर. शेजारचे क्लासवाले सर तर बनियनवर, कडेवर टीव्ही!

मीही खाली आले, पण जिन्यातच थबकले. घरमालकीण काकूंनी आधीच बजावलं होतं, "रात्रीच्या येणाऱ्या पोरी मला चालणार न्हाईत." आता खोली गेलीच. कशाला केला मी तो उजेडाचा हट्ट?

"कशाला गल्ली उठवून राहिलात?" काकू चाचांवर धावल्या.

"बाई, पोरगी वर पोचली का न्हाई, उजेडाबिगर कसं कळावं?"

काकू वळल्या. आत गेल्या, कंदील पेटवून आणला, स्वतः माझ्या खिडकीत टांगला. "दिसला? जावा आता."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "लाईट नसली की मला हाक मारायची. तू येईस्तोवर जागीच असते मी."