तीन विती, दोन बोटं

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात काळे आहेत. ग्रीस साबणाने जात नाही, कागदावरचे ठसे त्याचेच.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की त्यांनी तो आता कायमचा ठेवून घेतला? आई मजेत आहे. सध्या ती दिवसातून चार वेळा हसते आणि चारही वेळा कारण मीच असतो, तेव्हा तिच्या तब्येतीचं थोडं श्रेय मला द्यायला हरकत नाही.

मागच्या महिन्यात फोनवर आपलं वाजलं, ते तू विसरली नसशीलच. बाबांच्या वर्कशॉपची जागा मालकाला रिकामी करून हवी आहे, आता या येत्या सोमवारी भंगारवाला येऊन बाबांचा कातकामाचा लेथ घेऊन जाणार, असं तू म्हणालीस. मी म्हणालो, माझ्या अंगात जीव आहे तोवर तो लेथ भंगारात जाणार नाही, बाबांच्याच स्टेशन वॅगनमधून मी तो घेऊन जाईन. तू म्हणालीस, तुला साधा स्टुलाचा पाय बसवता येत नाही. त्यावर मी फोन आपटला. (तो स्टूल अजून आहे. तीन पायांवर उभा आहे ही गोष्ट वेगळी.) त्यानंतर आपण बोललेलो नाही आणि मला ते अजिबात बरं वाटत नाही.

आता गाडीविषयी. पस्तीस वर्षं बाबांचं आणि नंतर माझं ओझं वाहून तिची मागची बाजू पार खचली आहे. (मागची डावी काच अजूनही खाली होत नाही. उजव्या खिडकीसाठी आपण काय मारामाऱ्या करायचो.) मागे नुसती आई बसली तरी गतिरोधकावर सायलेन्सर घासतो, आणि लेथ म्हणजे भाऊजींच्या अडीचपट वजन. तेव्हा मागचे कमानीचे पाटे, म्हणजे वजन तोलणाऱ्या स्प्रिंगा, वाढवणं आलं. मी पडलो ग्रंथालयातला माणूस, जन्मात पुस्तकांच्या पाठीखेरीज काही चिकटवलेलं नाही, पण बाबांचा मुलगा आहे हे एकदम अंगात आलं. पाटे बनवणाऱ्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, "जे न्यायचंय ते आधी गाडीत घाला, मग किती पाटे ते बघू." आता लेथ तुझ्या गावी, गाडी माझ्या दारात. शिवाय माझ्याकडे बाबांची वही होती. तीत त्यांच्या त्या किरट्या अक्षरात स्पष्ट लिहिलंय: मागच्या चाकावरची पत्र्याची कमान, जमिनीपासून तीन विती, दोन बोटं. बाबांनी आयुष्यात कधी टेप वापरला नाही हे तुला माहीतच आहे.

माझी वीत साडेआठ इंच भरते. पण हे माप माझ्या नव्हे, बाबांच्या वितीचं आहे, आणि बाबांचा हात केवढा होता. लहानपणी त्यांनी डोक्यावर हात ठेवला की तो दोन्ही कानांपर्यंत पोचायचा. म्हणून मी त्यांची वीत साडेनऊ इंच धरली. नऊ धरली असती, पण मला तो बाबांचा अपमान वाटला. काकांना वही दाखवली. त्यांनी वही वाचली, माझं तोंड वाचलं आणि पाटे करून दिले. तीन रविवार मी गाडीखाली उताणा पडून होतो. एका पाट्याच्या जागी तीन वाढवले, तरी माप भरेना, म्हणून वर लोखंडी ठोकळे घातले. शेवटी माप तंतोतंत आलं. मी बाहेर येऊन लांबून बघितलं. उठायला निघालेली गाय आधी मागचे पाय ताठ करते आणि तोंडाने अजून जमिनीवरच असते, तशी गाडी उभी होती.

वजन घातलं की बसेल, म्हणून ग्रंथालयातले जुने बांधीव खंड चाळीसच्या चाळीस आणून मागे रचले. (वरिष्ठांना सांगितलं, ऊन दाखवायला नेतोय.) गाडी बोटभरसुद्धा खाली आली नाही. तुझी भावजय बाजाराला घेऊन गेली, तर दर ब्रेकला मागचे पाच किलो कांदे तिच्या पायांशी जमा होत. परत आल्यावर तिने ते माझ्या मांडीवर आणून ठेवले.

त्याच संध्याकाळी आई गुलाबाची छाटणी करत होती. हातात चामड्याचे हातमोजे. मी सहज विचारलं, हे कुठून आणलेस? म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांचेच हे. मला अगदी मापात बसतात." मी घालायला गेलो तर माझी बोटं अर्ध्यावरच अडकली. हातमोजा जमिनीवर ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजला. आठ इंच, ताई. बाबांचा हात माझ्यापेक्षा लहान होता. मी तिथेच कुंड्यांमध्ये बसून राहिलो. आईला वाटलं, माझी पाठ धरली.

म्हणजे गाडी साडेचार इंच उंच झाली आहे, आणि ते साडेचारच्या साडेचार इंच माझ्या डोक्यातल्या बाबांचे आहेत. उतरवायला आता वेळ नाही. तरीही रविवारी सकाळी मी येतोय. भंगारवाल्याला नको म्हणून कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. लेथ ठेवणार कुठे, असं विचारू नकोस. तो गाडीतच राहील. तो असला तरच गाडी सरळ उभी राहायची शक्यता आहे. मला तो चालवता येत नाही हेही आता नव्याने सांगू नकोस. चढवायला चार माणसं बघून ठेव, त्यांत भाऊजींना धरू नकोस.

आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी वही पुन्हा उघडली. मापाचं पान मी उलटून बघितलंच नव्हतं. मागे बाबांनी लिहिलंय: 'माप घेताना दोन्ही मुलं मागच्या सीटवर बसवून.' म्हणजे मी एकट्याने कितीही वेळा मोजलं असतं तरी ते चुकणारच होतं. तेव्हा रविवारी लेथ चढला की तूही चढ, आणि आठ दिवस इकडे राहा. गाडी तुझी भावजय चालवेल. मी डावीकडे बसतो. काच खाली होते ती खिडकी तुझी.