गाडीची लहान बॅटरी

बाबा,

विजेवरची गाडी आज सुरूच झाली नाही, चाकामागचा स्क्रीनचा पडदा काळा पडला आहे. मी शेजारच्या सिगरुनबरोबर फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत जाते आहे.

मोठी बॅटरी भरलेली आहे. उतरली आहे ती लहान, तुमच्या जुन्या डिझेल गाडीत होती तशीच. तुम्ही दुपारी गाडीत बसून रेडिओ ऐकता, तो तिच्यावरच चालतो. ऐकू नका असं मी म्हणत नाही. स्वयंपाकघरातला रेडिओ आई गेल्यापासून मीही लावलेला नाही.

तुमचा जुना चार्जर तळघरात स्कीच्या मागे आहे. पुढचं झाकण उघडून लाल चिमटा लहान बॅटरीच्या प्लसला आणि काळा गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावा. दोनेक तासांनी चार्जर काढा आणि ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबा. पडद्यावर हिरवा दिवा आला की झालं. इंजिनाचा आवाज येणार नाही, त्याची वाट पाहत बसू नका. यापुढे रेडिओही गाडी अशी पूर्ण सुरू करूनच ऐका, म्हणजे लहान बॅटरी भरत राहील.

पायऱ्यांवरचा बर्फ मी काढला आहे.

गाडी सुरू झाली तर पाचच्या फेरीबोटीला मला घ्यायला या. तिथून परस्पर चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला जाऊ. आईनंतर तुम्ही तिकडे फिरकला नाहीत. काल ओडवारचा फोन होता: "तुझा बाप येतोय का नाही? खर्जात मी एकटाच उरलोय, आणि मी बेसूर आहे हे फ्योर्डच्या खाडीपलीकडच्या मेंढ्यांनाही ठाऊक आहे."

मी हो म्हणून टाकलंय.

इंगुन