पाच टप्प्यांची ऊब

२० नोव्हेंबर १९९५
केतकीला एमसेटच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या, क्लासमध्ये प्रवेश मिळाला. नारायणगुडा. वेळ पहाटे पाच! या शहरात पोरांना इंजिनिअर करायचं तर दूधवाल्याच्याही आधी उठवावं लागतं. ठोक्याला फाटक बंद. तीनदा उशीर झाला की नाव कट. मी जाहीर केलं, रोज मी स्कूटरवर सोडणार. रंजना म्हणाली, तुम्ही? मी म्हणालो, मी. तिने पुढे विचारलं नाही. संसारात विश्वास लागतो तो असा.

२१ नोव्हेंबर, पहाटे ५.४०
सोडून आलो. थंडी भयानक. बोटं बधिर. हात शेकायला वाटेत टपरीवर थांबलो, एकच चहा. फाटकाशी दोन मिनिटं उशीर. केतकीच्या नावापुढे पहिला शेरा. क्लासवाले फार कडक आहेत.

२२ नोव्हेंबर
गेलो नाही. बोटं जपायला हवीत, ऑफिसात सह्या कोण करणार? दोघी घरून, काचीगुड्याहून, चालत गेल्या. पंचवीस मिनिटं. तात्पुरती व्यवस्था.
रंजनाने माझ्यासाठी हातमोजे विणायला घेतलेत. केतकीच्या जुन्या स्वेटरची लोकर, गुलाबी. मी स्पष्ट सांगितलं, देश खुला होऊन चार वर्षं झाली. आता लोकर नाही.

२६ नोव्हेंबर
मेहुणा सारंग कॅनडात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागच्या खेपेला तो ठेवून गेलेला मोटरसायकलच्या सामानाचा कॅटलॉग सापडला. तिकडे हँडलच्या मुठीच गरम होतात! आत तारा, बटण दाबलं की ऊब. एक टप्पा, तीन टप्पे, पाच टप्पे. अभ्यास सुरू.

४ डिसेंबर
अभ्यास चालू. हातमोजे तयार झाले. कपाटात ठेवले. तिचं मन मोडायला नको.

९ डिसेंबर
निर्णय : पाच टप्पे. आयएसडी बूथवरून सारंगला फोन केला. तो म्हणाला, हैद्राबादला? मी म्हणालो, हो. तो म्हणाला, आपलंच हैद्राबाद ना? लाइन खराब असावी.

१८ जानेवारी १९९६
सारंगच्या मित्राबरोबर मुठी आल्या. देखण्या! रंजना म्हणते, तिळाचे लाडू संपले, थंडीही संपली. मी वाद घातला नाही. दोघींचं चालणं चालू आहे. एकही उशीर नाही. तात्पुरत्या व्यवस्थेचंसुद्धा नीट नियोजन लागतं, ते मी केलं होतं.

२१ जानेवारी
सत्तारभाईचं गॅरेज. त्याने स्कूटरभोवती एक चक्कर मारून विचारलं, ‘साब, बैटरी किधर है?’ आपल्या स्कूटरला बॅटरी नाही, हे दहा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. इंजिन पळेल तेवढीच वीज. मुठी तापल्या तर दिवा मंद. ‘हाथ सेकना है के रस्ता देखना है, एक बोलो.’ मी म्हणालो, लावा. उजवी लावली. डावी मात्र ‘नक्को’. आपल्याकडे गिअर डावी मूठ फिरवून पडतो, तिकडची डावी मूठ फिरतच नाही, वायर पिरगळेल म्हणाला. मी कॅटलॉग दाखवला. त्याने तेलाचे हात पुसून फोटो पाहिला. फोटो अच्छा है म्हणाला.
अर्धशिक्षित माणसांमुळे देश मागे राहिला.

२८ जानेवारी
डावी मूठ स्वतः बसवली. पत्रकात लिहिलं होतं, गोंद सढळ हाताने लावावा. मी कंजूष नाही.

२९ जानेवारी
पहाटे चाचणी. मागे केतकी. पहिला गिअर पडला. दुसरा पडला, तो पडलाच. गोंद आतपर्यंत उतरला असावा. दिवा उदबत्तीएवढा. चौकात गाडी बंद, मग सुरूच होईना. केतकी उतरून पळत सुटली. पाच वाजून चार मिनिटं. दुसरा शेरा. आता एकच उरला, मग नाव कट.
डाव्या करंगळीला ऊब जाणवली. बहुधा.
रात्री केतकी म्हणाली, बाबा, उद्यापासून तुम्ही झोपा ना प्लीज. मुलगी समजूतदार आहे.

११ फेब्रुवारी
सत्तारभाईने गोंद तासून गिअर सोडवला. दोन तास लागले. ‘मैं बोला था’ असं एकदाही म्हणाला नाही. गुणगुणत मात्र होता. वायरही लांब करून दिली. सगळं तयार. उद्या पहाटे सव्वाचारला उठणार. गजर दोन घड्याळांत.

१२ फेब्रुवारी
उठलो. ६.४०. दोघी परत येऊन चहा पीत होत्या.

९ मार्च
घरात पंखे लागले. मुठी पाचव्या टप्प्यावर तपासल्या. कोमट. उन्हाळ्यात थंडीचं सामान तपासता येत नाही, हे कॅटलॉगमध्ये लिहायला हवं होतं.

१२ मे, संध्याकाळ
आज एमसेट. पेपरला दोघी सवयीने चालतच गेल्या. शेवटपर्यंत तिसरा शेरा मिळाला नाही. साडेपाच महिने रोज पंचवीस मिनिटं चालून पोरीची तब्येत किती सुधारली! ही सवय कोणामुळे लागली, ते कोणी बोलत नाही.
दुपारी त्यांना आणायला निघालो. स्कूटर सकाळपासून घराच्या फाटकाबाहेर उभी. हँडल धरलं आणि ओरडलोच. मुठी तापल्या होत्या! दोन्ही! पहिल्यांदा! बोटांच्या टोकांनी धरून कसाबसा सत्तारभाईकडे नेली. त्यालाही कळू दे. त्याने मुठीला हात लावला, मग बटणाकडे पाहिलं. ‘साब, बटन बंद है. ये धूप है, धूप.’
हँडल धरवेना. घरी परत आलो, कपाट उघडलं.
केंद्रावर पोचलो तेव्हा पेपर सुटला होता. सोपा गेला, केतकी म्हणाली. तिच्या मैत्रिणी माझ्या हातांकडे बघत होत्या. गुलाबी रंग उन्हात जरा जास्तच दिसतो. रंजनाने माझं मनगट धरून हातमोजा उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, माप बरोबर बसलं.
मग दोघी चालत निघाल्या.