बंद कंपनीचा फ्रिज

हिंगणघाट, मंगळवार संध्याकाळ

इडलीचं पीठ विकणाऱ्या शोभाताईंनी माझ्या दुकानात फोन केला अन् मोबाईल सरळ फ्रिजला टेकवला. टक् करून थांबतो, पुन्हा टक्. कॉम्प्रेसर गेला. वॉरंटी आहे, पण कंपनीचंच दिवाळं निघालं.

"भाऊ, आता कोनाले धरू? धंदाच बसला माया."

"कंपनीच बुडाली ताई, कोनाले धरता?" मी हसत म्हटलं.

खरं तर त्या मला धरू शकतात. ग्राहक आयोगात विकणाऱ्यावरही तक्रार होते, हे मला पक्कं ठाऊक. काऊन नाही सांगितलं? फ्रिज माझ्याच शब्दावर घेतला होता त्यांनी, दुसरा पाहिलासुद्धा नाही. ती टकटक अजून कानात आहे.

"तुमी म्हनता म्हनजे काईच होत नसन," त्या म्हणाल्या. "उगाच तरास देला तुमाले."